हॉकी स्टिक, ३५ इंची, सातवीतल्या मुलीसाठी: आठ महिने वापरून झाल्यावर

आधी व्यवहाराचं सांगते. कॉम्पोझिट स्टिक, लांबी ३५ इंच, वीस टक्के कार्बन, बाकी फायबरग्लास आणि थोडं अ‍ॅरामिड. किंमत ३,४०० रुपये, बनावट जालंधरची. वापरणारी माझी नात, बारा पूर्ण, उजव्या बाजूने फॉरवर्ड खेळते. आठवड्यातले चार दिवस शाळेचं मुरमाचं मैदान, शनिवार-रविवार टर्फ. लिहिणारी तिची आजी: एकतीस वर्षं शाळेत पी.टी.ची बाई, त्याआधी विद्यापीठाच्या संघात राइट हाफ. कंपनीचं नाव देणार नाही. पुढे दुसऱ्या एका स्टिकबद्दल आणि ती विकणाऱ्याबद्दल तक्रार येणार आहे. तक्रार बिननावाची आणि कौतुक मात्र नावासकट, हे मला बरं दिसत नाही.

ही स्टिक आमच्या घरात दुसरी आली. पहिली आली ती राणी रामपालमुळे, भारताच्या महिला हॉकी संघाची कर्णधार होती तिच्यामुळे.

राणीने २४ ऑक्टोबर २०२४ ला निवृत्ती जाहीर केली. दिल्लीच्या ध्यानचंद स्टेडियमवर जर्मनीशी सामना होता त्याच दिवशी. हॉकी इंडियाने तिचा २८ नंबरही निवृत्त केला. नातीने हे टीव्हीवर पाहिलं आणि तिला पहिली काळजी पडली ती शाळेच्या जर्सीची. तिचा नंबर २८ आहे. "आजी, आता मला बदलायला लागेल?" मी म्हटलं, तो नियम भारताच्या संघाला, आपल्या शाळेला नाही. मग हट्ट सुरू झाला: २८ ठेवायचा तर स्टिकही "इंटरनॅशनल" हवी. तिने इंटरनेटवर एक शोधूनही ठेवली होती, ९५ टक्के कार्बन, १३,८०० रुपये.

माझा मुलगा, म्हणजे तिचा बाबा, जेवता जेवता म्हणाला, "राणी रामपाल मोडक्या स्टिकवर शिकली. हिला कशाला हवीत चौदा हजारांची लाकडं?" लाकूड त्यात औषधालाही नसतं, पण ते असो. हे वाक्य मी गेल्या चार-पाच वर्षांत इतक्या पालकांच्या तोंडून ऐकलंय की आता डोकं उठतं. पोरगी बूट मागते, बाप म्हणतो राणी सलवार-कमीजमध्ये खेळायची. पोरगी अंडं मागते, आई म्हणते राणी दुधात पाणी घालून न्यायची.

खरं आहे ते सगळं. शाहाबाद मारकंडा, हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यातलं गाव. वडील गाडी ओढायचे. घरात घड्याळ नव्हतं, तेव्हा आई रात्री आकाशाकडे बघून अंदाजाने पोरीला सरावासाठी उठवायची. अकादमीत रोज अर्धा लिटर दूध घेऊन यायचं असा नियम, घरी परवडायचं २०० मिलीलिटर, मग उरलेलं पाणी. हे राणीने स्वतःच सांगितलंय. पण त्याच्यापुढचं ती जे सांगते ते पालक गाळतात. बलदेव सिंग या प्रशिक्षकांनी आधी तिला अंगात ताकद नाही म्हणून परत पाठवलं. ती मोडकी स्टिक घेऊन एकटीच सराव करत राहिली. शेवटी अकादमीत घेतली, तेव्हा त्यांनी तिला किट घेऊन दिलं, बूट घेऊन दिले, स्वतःच्या घरी ठेवून खाऊ घातलं. म्हणजे मोडकी स्टिक तिच्या हातात होती ती प्रशिक्षकांचं लक्ष जाईपर्यंत. पुढचा सगळा खेळ धड स्टिकचा आहे. रितू राणी, नवज्योत कौर, नवनीत कौर याही त्याच गावच्या. एवढ्या सगळ्या मोडक्या स्टिकांच्या बळावर भारताकडून खेळल्या असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा मोडकी स्टिक हातात धरून बघावी. आम्ही धरली आहे. भेग पडलेल्या लाकडी स्टिकने जोरात हिट मारली की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, आणि कूस निघालेली असेल तर तळहातात शिरते.

आजोबांनी बाबाचं न ऐकता नातीचं ऐकलं. (आजोबा हॉकी खेळलेले नाहीत.) पहिली स्टिक ऑनलाइन मागवली गेली, मला न विचारता.

खोका उघडला तेव्हाच कळलं की काहीतरी चुकलंय. मागवली ३५ इंची, आली साडेछत्तीस. पानावर लिहिलं होतं मिड बो, म्हणजे स्टिकचा बाक मधोमध असलेली. मी ती ओट्यावर पालथी ठेवली, सपाट बाजू खाली. मध्ये जी पोकळी राहते ती पट्टीने मोजली. नियमाने हा बाक जास्तीत जास्त २५ मिलिमीटर चालतो आणि सर्वांत उंच भाग खालच्या टोकापासून २० सेंटिमीटरच्या आत येता कामा नये. हिचा बाक २४ मिलिमीटर, आणि २१ सेंटिमीटरवर. म्हणजे नियमात बसणारी, पण चांगली कडक लो बो. ही स्टिक पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारणाऱ्याची. बाक खाली असला की चेंडू त्या खोबणीत बसतो, ओढत आणून उचलता येतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध २२ व्या मिनिटाला गुरजीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर जो एकमेव गोल केला, तसल्या कामाला हे हत्यार. सातवीतल्या पोरीने याने साधी हिट मारायला घेतली की चेंडू जमिनीवरून न जाता उडतो. पहिल्याच दिवशी नातीने मारलेला चेंडू समोरच्या मुलीच्या गुडघ्याच्या वर लागला. शिन गार्ड तिथपर्यंत नसतं.

दुसरा त्रास कार्बनचा. ९५ टक्के कार्बन म्हणजे स्टिक कडक, ताकद भरपूर, पण चेंडू अडवायला गेलं की तो भिंतीवर आदळल्यासारखा परततो. मोठ्या खेळाडूचं मनगट त्या क्षणी सैल पडतं, चेंडूला जागा देतं, ते त्यांच्या हाताला वर्षानुवर्षं सरावानं आलेलं असतं. पोरांचं मनगट ताठ असतं. मी तिला अंगणात वीस पास दिले, त्यातले पाच तिच्याजवळ थांबले. ती रडली नाही, पण स्टिककडे ज्या नजरेने बघत होती ते मला बघवेना.

परत करायचं ठरवलं. तर उत्तर आलं, वरचं प्लास्टिक काढलंय, वापर झालाय, परत घेता येणार नाही. लांबीच चुकीची पाठवलीत, त्याचं काय? त्यावर सात दिवस काही नाही, मग "आपली तक्रार आम्ही बंद करत आहोत". तेरा हजार आठशे रुपये! शेवटी ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाने ती नऊ हजारांना घेतली. तो ड्रॅग फ्लिक मारतो. परवा भेटला, म्हणाला, "बाई, एक नंबर स्टिक आहे." असेलच. स्टिकला मी वाईट म्हणतच नाही. तिला बारा वर्षांच्या मुलीच्या हातात देणाऱ्याला म्हणते, त्यात आमचे हेही आले.

आता दुसरी.

पुण्याच्या लष्कर भागातल्या एका जुन्या दुकानातून घेतली. मालक सत्तरीचे. मी आत शिरले तर त्यांनी किंमत विचारण्याआधी पोरीला बूट घालून उभं केलं, स्टिक तिच्या शेजारी धरली, वरचं टोक कमरेच्या हाडाला टेकतंय का ते बघितलं. ३६ इंची काढली होती ती आत ठेवली आणि ३५ काढली. मग तिला म्हणाले, धर, पुढे-मागे फिरव, डावा हात वर. दहा वेळा फिरवायला लावली. नवशिक्याला वजन पहिल्या दोन फेऱ्यांत कळत नाही, आठव्या फेरीला कळतं. आठव्या फेरीला तिचा डावा हात खाली यायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच कंपनीची थोडी हलकी काढली. हीच ती.

घरी येऊन मी माझ्या परीने तपासणी केली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५१८ ग्रॅम भरली, लेबलवर ५२० आहे. नियमाने ७३७ पर्यंत चालते, त्यामुळे तो प्रश्न नाही, पण लेबल खरं निघालं याचं बरं वाटलं. बाक २२ मिलिमीटर, साधारण तीस सेंटिमीटरवर. मग कडं. नियम असा की गुंडाळलेल्या पट्टीसकट सगळी स्टिक ५१ मिलिमीटरच्या गोल कड्यातून पार झाली पाहिजे. नातीचं लहानपणचं पितळी कडं डब्यात होतं, आतून बरोबर दोन इंच, म्हणजे ५१ ला केसभर कमीच. हूकच्या, म्हणजे खालच्या वाकड्या भागाच्या, टोकाकडून घातलं आणि वळणावरून फिरवत वर ओढलं. ग्रिपपाशी जरा घासलं, पण गेलं. नात म्हणाली, "आजी, माझी बांगडी स्टिकला होते!" त्यानंतर दोन दिवस तिने ते कडं स्टिकलाच ठेवलं होतं.

खेळायला कशी? ट्रॅपला, म्हणजे चेंडू अडवायला, उत्तम. फायबरग्लास जास्त असल्याने स्टिक किंचित दबते, चेंडू जवळ पडतो. तेच वीस पास मी तिला पुन्हा दिले, चौदा थांबले. ड्रिबल करताना टोक उलटं-सुलटं फिरवायला हलकी. पुश सरळ जातो. हिटला ताकद मध्यम, मोठ्या मैदानावर बॅकला ही पुरणार नाही, पण डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, उभ्या असलेल्या फॉरवर्डला लांब हिट मारायचीच कुठे असते? डीमध्ये लागतो तो झटका. मी तिला राणीचे जुने गोल दाखवते ते त्यासाठी. २०१० ला रोसारिओच्या विश्वचषकात पंधरा वर्षांची होती, भारताच्या संघात सर्वांत लहान, आणि सात गोल. भारत नववा आला, पण स्पर्धेतली सर्वोत्तम तरुण खेळाडू ती ठरली. त्या वयात तिच्या अंगात मोठ्या बायकांना धक्का देऊन पुढे जाण्याइतकी ताकद कुठून असणार. ती आधी पोचायची. चेंडू यायच्या आत तिची स्टिक जमिनीला टेकलेली असायची. नातीची स्टिक अजून गुडघ्याच्या उंचीवर तरंगत असते, आणि हा दोष स्टिकचा नाही. त्याचे तारे मी कापलेले नाहीत.

एक सामना मी तिला संपूर्ण दाखवला. नोव्हेंबर २०१९, भुवनेश्वर, ऑलिंपिक पात्रता. पहिल्या दिवशी आपण अमेरिकेला ५-१ हरवलं, म्हणजे झालंच, असं सगळे धरून चाललेले. दुसऱ्या दिवशी मध्यंतरालाच अमेरिका ४-० ने पुढे. बेरीज पाच-पाच. ४८ व्या मिनिटाला कर्णधार राणीने गोल केला, सामना १-४ हरलो पण बेरजेत ६-५, आणि टोकियोचं तिकीट. पाहताना नात मध्यंतराला उठून गेली, तिला बघवेना. मीच हाक मारून बसवलं. पुढे टोकियोत चौथे आलो हे तिला तोंडपाठ आहे, ब्रिटनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात ०-२ वरून ३-२ पुढे गेलो आणि ३-४ हरलो हेही. तेव्हा ती आठ वर्षांची होती, पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसलेली, सामना संपला तेव्हा पोहे तसेच.

मला स्वतःला चौथा क्रमांक आणखी एकदा आठवतो. १९८० ला मॉस्कोत महिलांची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली, तेव्हाही भारत चौथाच. त्या संघात आमच्या पुण्याच्या एलिझा नेल्सन आणि रेखा मुंडफन, पुढच्या रेखा भिडे. दोन वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत एलिझा कर्णधार होत्या आणि सुवर्णपदक आलं. मी तेव्हा अठराची. माझी स्टिक तुतीच्या लाकडाची, वेताच्या मुठीची, जवसाचं तेल पाजून कपाटामागे उभी ठेवलेली. ग्रिप फाटली की सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळायची. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये आपल्या मुली पुन्हा दिसायला ३६ वर्षं गेली. २०१६, रिओ. तिथे आपण शेवटचे, बारावे आलो, आणि तरी जपानविरुद्ध राणीचा गोल पाहून मी शाळेच्या स्टाफरूममध्ये टाळ्या वाजवल्या होत्या. गणिताच्या सरांना वाटलं आपण जिंकलो. २-२ झाली होती.

तर, ट्यूबच्या पट्टीवरून ग्रिपवर येते, कारण या स्टिकची खरी खोट तिथे आहे. कंपनीची ग्रिप रद्दी आहे. पावसाळा सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत गुळगुळीत झाली, हात घसरायला लागला. घामानेही तेच. तिसऱ्या महिन्यात वरच्या टोकाची कड सुटून आली. दुकानात नेली तर मालकांनी दीडशे रुपयांत नवी गुंडाळून दिली, टॉवेलसारखी खरबरीत, आणि खालून वर गुंडाळताना प्रत्येक फेऱ्याला ताण कसा द्यायचा ते नातीला शिकवलं. पाचशे रुपये जास्त घ्या पण ग्रिप धड द्या, असं कंपनीला कुणीतरी सांगायला हवं.

दुसरी बारीक खोट, हूकच्या टोकाचा रंग. मुरमावर खेळल्याने तीन महिन्यांत निघाला, खालचं काळं दिसायला लागलं. त्याने खेळात फरक पडत नाही, पण पुढे तिथे पापुद्रे सुटले की धागे निघतात, म्हणून मी टोकाला पातळ टेप लावते. टेप लावल्यावर पुन्हा कड्यातून घालून बघायची, हे विसरू नये. सिमेंटवर मात्र ही स्टिक (कुठलीच कॉम्पोझिट स्टिक) नेऊ नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक दिवस खेळली, तर तळाला बोटभर घासली गेली. त्या दिवशी मी आवाज चढवला, ते जरा जास्तच झालं.

टिकाऊपणा: आठ महिन्यांत भेग नाही. दर रविवारी मी हूक कानाजवळ नेऊन नखाने वाजवते. आवाज सगळीकडे सारखा आला पाहिजे, एखाद्या जागी बद्द आला तर आतला थर सुटला समजावं. अजून सगळीकडे टणटणीत आहे. रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवत नाही, उन्हात तर नाहीच.

कुणी घ्यावी: पहिली दोन-तीन वर्षं खेळणाऱ्या मुला-मुलींनी. चौदा-पंधराच्या पुढे, जिल्हा-राज्य पातळीवर गेलं की अर्ध्याहून जास्त कार्बनची लागेल. राणी चौदाव्या वर्षी भारताकडून खेळली होती, म्हणून तुमच्या चौदा वर्षांच्या मुलीला ९५ टक्के लागेलच असं नाही, तिच्या प्रशिक्षकांना विचारा. फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे भारतापर्यंत गेल्या. तिथल्या मैदानावरच्या पोरी दुकानाच्या पाटीवरचा आकडा बघून खेळायला लागल्या नसतील. आणि ज्यांना ३,४०० जड जातात त्यांनी शाळेत आधी विचारावं. बऱ्याच शाळांच्या कपाटात पंधरा-वीस बऱ्या स्टिक धूळ खात असतात, चावी कुणाकडे आहे एवढाच प्रश्न असतो. माझ्या शाळेत ती माझ्याकडे होती, तेव्हा सांगते.

पाचपैकी चार तारे. अर्धा ग्रिपचा कापला, अर्धा टोकाच्या रंगाचा.

ताजं कळवायचं तर, नातीने मुठीच्या खाली पांढऱ्या मार्करने २८ लिहिलं होतं ते नव्या ग्रिपखाली गेलं, आता तिने ते हूकच्या मागच्या बाजूला लिहिलंय. आणि परवा बूट घालून उभी केली तर ३५ इंची स्टिक कमरेच्या हाडापासून दोन बोटं खाली आली. दिवाळीनंतर ३६ घ्यावी लागणार. ही खालच्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलीला द्यायचं ठरलंय, पण तिला ती अजून लांब होते.